एका रुपयाचे छायाचित्र

१९३८ च्या सुमारास मुंबईतील महिलांच्या एका मंडळाची सहल निघाली होती. त्या सहलीची छायाचित्रे एका तरुण विद्यार्थिनीने घेतली. पुढे ती 'बॉम्बे क्रॉनिकल' या वृत्तपत्राने छापली आणि प्रत्येक छायाचित्राबद्दल एक रुपया मोबदला दिला. त्या विद्यार्थिनीचे नाव होमाई. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून पुढे देशभर ज्यांचे नाव झाले, त्याच या होमाई व्यारावाला.

एक रुपया ही काही मोठी कमाई नव्हे. तरीही त्या रुपयाचे मोल वेगळे होते. हौसेखातर घेतलेले चित्र घरच्या माणसांना आवडले, तर त्यात मायेचा भाग असू शकतो. परंतु अनोळखी संपादक जेव्हा पैसे मोजून चित्र घेतो, तेव्हा ते चित्र कामाचे आहे याची ती पावती असते. कॅमेऱ्याची कळ दाबल्यावर चित्र उमटण्यास सेकंदाचा शंभरावा भागही पुरतो. मग ही पावती मिळवण्यासाठी विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे का खपावे लागते? कळ दाबण्यापूर्वी आणि दाबल्यानंतर काय काय घडते, हे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते.

होमाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी गुजरातमधील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील फिरत्या नाटकमंडळीत नट होते. होमाईंचे शिक्षण मुंबईत झाले. मुलींच्या शिक्षणाकडे समाजाचे फारसे लक्ष नव्हते, असा तो काळ होता. मॅट्रिकच्या वर्गात होमाई या एकट्याच मुलगी होत्या. पुढे त्यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या प्रसिद्ध कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण घेतले. छायाचित्रणाचे धडे मात्र त्यांना वर्गाबाहेर मिळाले. माणेकशा व्यारावाला हे त्यांचे स्नेही हिशेबनिसाचे काम करीत आणि फावल्या वेळी छायाचित्रे घेत. ते स्वतःच्याच प्रयत्नाने ही विद्या शिकले होते. त्यांनी ती होमाईंना शिकवली. १९४१ साली या दोघांचा विवाह झाला.

त्या वेळी होमाईंच्या हाती असलेला कॅमेरा रोलीफ्लेक्स जातीचा होता. या कॅमेऱ्याला एकाखाली एक अशी दोन भिंगे असतात. वरच्या भिंगातून आलेले दृश्य आतील आरशावर आदळून माथ्यावरच्या काचेवर उमटते. खालच्या भिंगातून आलेला प्रकाश फिल्मवर पडतो. कॅमेरा डोळ्याला न लावता छातीशी किंवा कमरेपाशी धरून, मान खाली घालून दृश्य पाहावयाचे असते. त्या काचेवर उजवीकडची वस्तू डावीकडे व डावीकडची उजवीकडे दिसते. त्यामुळे एखादा मुलगा डावीकडे धावू लागला, तर काचेवर तो उजवीकडे धावताना दिसतो आणि नवखा विद्यार्थी कॅमेरा नेमका उलट दिशेला वळवून बसतो. आणखी एक अडचण होती. फिल्मच्या एका गुंडाळीवर बाराच चित्रे निघत. फिल्म विकत आणावी लागे आणि वाया गेलेले चित्र पुसून पुन्हा घेता येत नसे. म्हणून प्रत्येक कळ विचारपूर्वक दाबावी लागे.

अशा कॅमेऱ्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला प्रयोग असतो तो प्रकाश मोजण्याचा. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. त्यांवर प्रकाश पडला की त्यांच्यात बदल होतो. प्रकाश फार पडला तर चित्र पांढरेफटक होते. कमी पडला तर सारे काळवंडते. योग्य तेवढाच प्रकाश आत घेण्याची दोन साधने कॅमेऱ्यात असतात. एक म्हणजे भिंगामागचे लहानमोठे करता येणारे छिद्र. दुसरे म्हणजे ते किती वेळ उघडे ठेवावयाचे हे ठरवणारी झडप, म्हणजेच शटर.

हे समजण्यासाठी नळाखाली ठेवलेल्या बादलीचे उदाहरण घ्यावे. नळ पुरता सोडला तर बादली लवकर भरते. बारीक सोडला तर भरण्यास वेळ लागतो. दोन्ही वेळा बादलीत पाणी मात्र तेवढेच येते. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. छिद्राच्या मापाचे आकडे ५.६, ८, ११, १६ असे असतात. आकडा वाढला की छिद्र लहान होते, याचे मुलांना नवल वाटते. परंतु हा आकडा म्हणजे भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून आलेले उत्तर होय. नाभीय अंतर ८० मिलिमीटर आणि व्यास १० मिलिमीटर असेल, तर आकडा ८ येतो. व्यास ५ मिलिमीटर केला तर आकडा १६ होतो. व्यास निम्मा झाला म्हणजे छिद्राचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते आणि प्रकाशही एक चतुर्थांशच आत येतो. म्हणून ८ या आकड्यावर जेथे १/१०० सेकंद पुरतो, तेथे ११ वर १/५० आणि १६ वर १/२५ सेकंद लागतो.

तिन्ही वेळा आत येणारा प्रकाश सारखाच असतो. चित्रे मात्र सारखी होत नाहीत. छिद्र लहान असले म्हणजे जवळचे फूल आणि दूरचा डोंगर ही दोन्ही रेखीव उमटतात. छिद्र मोठे असले म्हणजे फूल रेखीव येते व डोंगर धुरकट होतो. झडप चटकन मिटली तर धावणारा घोडा जागच्या जागी थबकल्यासारखा दिसतो. ती सावकाश मिटली तर साधा चालणारा माणूसही फरकाटल्यासारखा दिसू लागतो. तोच माणूस आडवा न जाता सरळ कॅमेऱ्याकडे चालत आला, तर फरकाटा पुष्कळ कमी होतो. या गोष्टी पुस्तकात वाचून कळतात खऱ्या, परंतु हाताला त्या प्रयोगानेच कळतात.

म्हणून अभ्यासू विद्यार्थी एक वही बाळगतो. एकाच झाडाची तो तीन चित्रे घेतो : एक अंदाजाने बरोबर वाटलेल्या प्रकाशाचे, दुसरे त्याच्या निम्म्या प्रकाशाचे व तिसरे दुपटीचे. वहीत तो वेळ, ऊन की ढग, छिद्राचा आकडा आणि सेकंदाचा अंश टिपून ठेवतो. चित्रे तयार झाली म्हणजे ती वहीशेजारी ठेवून तो आपल्या अंदाजाची परीक्षा घेतो. अशा पुष्कळ परीक्षा झाल्या, म्हणजे ऊन पाहताच आकडा मनात उभा राहतो. वही लिहिण्याची सवय नसलेल्या माणसाचेही एखादे चित्र उत्तम निघते. पण ते का उत्तम निघाले हे त्याला सांगता येत नाही आणि तसे दुसरे काढताही येत नाही.

दुसरा प्रयोग असतो प्रकाशाच्या दिशेचा. भर दुपारी सूर्य माथ्यावर असतो. तेव्हा भुवयांच्या सावल्या डोळ्यांवर पडतात आणि हसरा चेहराही उदास दिसतो. सकाळी किंवा उतरत्या उन्हात प्रकाश बाजूने येतो. त्याने नाक, गाल, सुरकुत्या यांचे उंचसखलपण उठून दिसते. माणसाला खिडकीशी बसवले की चेहऱ्याची एक बाजू उजळते आणि दुसरी अंधारात जाते. अंधाऱ्या बाजूला एक पांढरा कागद किंवा धुतलेले धोतर धरले, तर त्यावरून परतलेला उजेड ती बाजू हळुवारपणे उजळतो. या प्रयोगाला खर्च काही नाही; खिडकी, पांढरे कापड आणि थोडा वेळ बसून राहणारा स्नेही एवढे साहित्य पुरते. होमाईंनीही या काळात कलाशाळेतील आपल्या मैत्रिणींची छायाचित्रे घेतली. ओळखीचे चेहरे, ओळखीची जागा आणि रोजचा उजेड हीच त्यांची प्रयोगशाळा होती.

कळ दाबून झाली म्हणजे अर्धेच काम होते. उरलेले अर्धे अंधारखोलीत व्हावयाचे असते. कॅमेऱ्यातून काढलेल्या फिल्मवर डोळ्यांना दिसेल असे काहीच नसते. प्रकाश लागलेल्या कणांत बदल झालेला असतो. पण ते चित्र अजून अदृश्य असते. पूर्ण अंधारात ती फिल्म डेव्हलपर नावाच्या रसायनात बुडवली, की प्रकाश लागलेल्या कणांची काळी चांदी बनते. जेथे उजेड अधिक, तेथे काळेपणा अधिक. म्हणून फिल्मवर पांढरा सदरा काळा दिसतो व काळे केस पारदर्शक दिसतात. या उलट्या चित्रास निगेटिव्ह म्हणतात. प्रकाश न लागलेले कण तसेच राहू दिले, तर बाहेरच्या उजेडात तेही काळे पडून सारे चित्र नाहीसे होईल. हायपो नावाचे रसायन ते कण विरघळवून टाकते. हायपोचा हा गुण सर जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९ साली शोधला होता. १८३९ साली छायाचित्रणाचा शोध जगापुढे आला, तेव्हा चित्र टिकवण्यासाठी त्याचाच उपयोग झाला. शेवटी फिल्म वाहत्या पाण्यात पुष्कळ वेळ धुवावी लागते. धुण्यात कसूर झाली, तर आज सुरेख दिसणारे चित्र काही वर्षांनी डागाळते.

या कामात मुंबईची हवा विद्यार्थ्याची कसोटी पाहते. फिल्म धुण्याच्या रसायनांचे तापमान सुमारे २० अंश सेल्सिअस असावे लागते. उन्हाळ्यात नळाचे पाणीच त्याहून पुष्कळ ऊन असते. अशा पाण्यात चित्र भलतेच झपाट्याने काळे होते आणि फिल्मवरील सरसासारखा थर मऊ पडून सुटू लागतो. म्हणून रसायनाचे भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून, थर्मामीटरवर डोळा ठेवून काम करावे लागते. घड्याळही विसरून चालत नाही. एका गुंडाळीत बारा चित्रे असतात. निष्काळजीपणाची पाच मिनिटे बाराही चित्रांचा नाश करू शकतात.

निगेटिव्ह तयार झाली म्हणजे तिच्यातून प्रकाश सोडून खालच्या कागदावर सुलटे चित्र उमटवावयाचे असते. हा कागद मंद लाल उजेडात हाताळता येतो. कागदावर किती सेकंद प्रकाश टाकावा, हे ठरवण्याची एक जुनी युक्ती आहे. कागदाची एक पट्टी घेऊन तिच्या एका भागावर २ सेकंद, पुढच्यावर ४, त्यापुढच्यावर ६ व शेवटी ८ सेकंद प्रकाश टाकतात. पट्टी रसायनात घातली की फिक्यापासून गडदापर्यंत चार भाग दिसतात. त्यांतील योग्य भाग पाहून पूर्ण कागद छापतात. एक लहानशी पट्टी मोठा कागद वाचवते. मग तो कागद तबकातील रसायनात हलवताना पांढऱ्या पृष्ठावर आधी केस, मग डोळे, मग सारा चेहरा हळूहळू वर येतो. कितीही वर्षे काम केलेल्या माणसालाही हे पाहताना आनंद होतो.

प्रकाश, वेळ आणि रसायन यांवर हात बसला, तरी एक गोष्ट उरते. ती म्हणजे दृष्टी. डोळा जे पाहतो, ते सगळेच भिंगही पाहते. परंतु मनाला नको असलेले डोळा वगळतो, भिंग काहीच वगळत नाही. आपण बोलणाऱ्या माणसाचा चेहरा पाहत असतो. त्याच्या डोक्यामागे उभा असलेला विजेचा खांब आपल्याला जाणवत नाही. चित्रात मात्र तो खांब त्याच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो. शिवाय त्या काळची वृत्तपत्रीय चित्रे कृष्णधवल असत. लाल फुले आणि हिरवी पाने डोळ्यांना किती निराळी दिसतात! परंतु कृष्णधवल चित्रात ती दोन्ही एकाच करड्या छटेची होऊन एकमेकांत मिसळू शकतात. म्हणून रंग विसरून उजेड, सावली आणि आकार यांकडे पाहण्यास शिकावे लागते. येथे होमाईंना चित्रकलेचे शिक्षण उपयोगी पडले. चौकटीत काय ठेवावे, काय गाळावे, कोणती आकृती पुढे असावी व कोणती मागे, याचा सराव चित्रकाराला कागद-पेन्सिलीने होत असतो. तोच सराव कॅमेऱ्याच्या काचेवर त्यांच्या कामी आला.

आता विद्यार्थी आणि व्यावसायिक यांत फरक कोणता, हे पाहू. विद्यार्थ्याचे चित्र बिघडले, तर तो उद्या पुन्हा प्रयत्न करतो. व्यावसायिकाला उद्या नसतो. मिरवणूक एकदाच जाते; पाहुणा विमानाच्या जिन्यावरून एकदाच उतरतो. छापखाना कोणासाठी थांबत नाही. म्हणून चित्र उत्तम असून भागत नाही, ते वेळेवर पोहोचावे लागते. चित्राखाली कोण, कोठे, केव्हा हे अचूक लिहून द्यावे लागते. नाव चुकले तर चित्राचा विश्वास जातो. शिवाय एकाच चित्राने वाचकाचे समाधान होत नाही. एखाद्या विषयाची दुरून, जवळून, काम करणाऱ्या हातांची, पाहणाऱ्या चेहऱ्यांची अशी पाच-सहा चित्रे जुळवून गोष्ट सांगावी लागते. त्या काळी मुंबईहून निघणारे 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया' हे सचित्र साप्ताहिक अशा चित्रमालिका छापत असे. त्यात होमाईंची चित्रे येऊ लागली.

परंतु त्या चित्रांखाली होमाईंचे नाव नव्हते. त्या अप्रसिद्ध होत्या आणि त्यातून स्त्री. त्यामुळे सुरुवातीची त्यांची पुष्कळ छायाचित्रे माणेकशांच्या नावाने प्रसिद्ध झाली. काम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट कोणाही शिकणाऱ्याचे मन खचवू शकते. होमाईंनी काम मात्र थांबवले नाही. साडी नेसलेली, कॅमेरा घेतलेली बाई रस्त्यात दिसली, की लोकांना चमत्कारिक वाटे. ही काहीतरी गंमत करीत असावी, असे समजून ते तिच्याकडे दुर्लक्ष करीत. पुढे होमाईंनीच सांगितले आहे, की लोकांच्या या समजाचा त्यांना फायदा झाला. जेथे इतरांना कोणी अडवले असते, तेथे त्यांना कोणी अडवले नाही. चित्रे छापून आल्यावरच लोकांना कळे, की ही बाई किती गंभीरपणे काम करीत होती.

१९४२ साली होमाई व माणेकशा दिल्लीस गेले. दुसरे महायुद्ध चालू होते आणि ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात त्यांना छायाचित्रकार म्हणून काम मिळाले. येथे विद्यार्थिदशा संपली आणि व्यवसाय पुरता सुरू झाला. रोलीफ्लेक्सच्या जोडीला आता स्पीड ग्राफिक नावाचा वजनदार कॅमेरा आला. यात फिल्मची गुंडाळी नसे. फिल्मचे सुटे तुकडे एका चपट्या पेटीत दोन बाजूंना एक-एक बसवलेले असत. एक चित्र घेतले की पेटी काढून उलटावी लागे आणि दुसरे घेतले की नवी पेटी घालावी लागे. रात्री किंवा दालनात चित्र घ्यावयाचे तर क्षणभर लखकन पेटणारा फ्लॅशचा दिवा लावावा लागे. तो दिवा एकदाच पेटे. मग तो तापलेला दिवा काढून नवा बसवावा लागे. एवढे सगळे गर्दीत, धक्के खात, समोरच्या व्यक्तीवरची नजर न काढता करावयाचे!

फ्लॅशच्या दिव्याचाही एक हिशेब असतो. दिव्यापासून माणूस १० फुटांवर असेल तेव्हा त्याच्यावर जेवढा प्रकाश पडतो, त्याच्या एक चतुर्थांशच २० फुटांवरील माणसावर पडतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा न होता चौथा हिस्सा होतो. म्हणून १० फुटांवर ११ हा आकडा योग्य ठरला, तर २० फुटांवर ५.६ लावावा लागतो. समोरून देशाचा पंतप्रधान चालत येत असता अंतर किती, आकडा कोणता, असा हिशेब कागदावर मांडता येत नाही. तो हाताला आधीच येत असावा लागतो. विद्यार्थिदशेतील त्या वहीचे महत्त्व येथे कळते.

दिल्लीत होमाई साडी नेसून, कॅमेरा व दिवे यांचा भार घेऊन सायकलवरून कामाला जात. पुढे त्यांनी मोटार घेतली. तिच्या क्रमांकात 'डीएलडी १३' ही अक्षरे व आकडा होता. त्यावरून त्यांनी स्वतःसाठी 'डालडा १३' हे गमतीदार टोपणनाव घेतले. तेराचा आकडा अनेकांना अशुभ वाटतो; होमाईंचा जन्म १९१३ सालचा आणि माणेकशांची भेट वयाच्या तेराव्या वर्षी झालेली, म्हणून त्यांना तो लाभाचा वाटे.

स्वतंत्र भारताच्या जन्मकाळचे अनेक प्रसंग या कॅमेऱ्याने टिपले. १६ ऑगस्ट १९४७ रोजी पंडित नेहरूंनी लाल किल्ल्यावर तिरंगा फडकावला, तो क्षण. १९४८ च्या जून महिन्यात लॉर्ड माउंटबॅटन यांनी घेतलेला भारताचा निरोप. १९५६ साली नथु ला खिंडीतून सिक्कीममध्ये उतरलेले तरुण दलाई लामा. शांतीचे प्रतीक म्हणून कबुतर आकाशात सोडणारे नेहरू. ही चित्रे आज इतिहासाचे साधन झाली आहेत.

तथापि एक चित्र होमाईंना घेता आले नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींच्या सायंप्रार्थनेची छायाचित्रे घेण्यासाठी त्या बिर्ला भवनाकडे निघाल्या होत्या. माणेकशांनी त्यांना परत बोलावले. त्यांना त्या सभेचे चलच्चित्र घ्यावयाचे होते, म्हणून उद्या दोघे मिळून जाऊ असे ठरले. तो 'उद्या' आलाच नाही. त्याच सायंकाळी गांधीजींची हत्या झाली. त्या प्रसंगी आपण तेथे नव्हतो, याची खंत होमाईंना जन्मभर राहिली. मात्र दुसऱ्या दिवशी सारी दिल्ली शोकात बुडाली असता होमाई कॅमेरा घेऊन उभ्या राहिल्या आणि गांधीजींच्या अंत्यविधीची छायाचित्रे त्यांनी घेतली. क्षण आपल्या हाती नसतो. त्यासाठी सज्ज राहणे मात्र आपल्या हाती असते. हातचे गेले म्हणून हात न थांबवणे, हाही व्यवसायाचाच एक धडा आहे.

या व्यवसायाची एक नीतीही होमाईंनी पाळली. समोरचा माणूस थोर असो वा सामान्य, त्याला लाज वाटेल अशा अवस्थेतील चित्र घ्यावयाचे नाही. समारंभाला शोभेल असा पोशाख करावयाचा. आपल्या धावपळीने समारंभात विक्षेप आणावयाचा नाही. कॅमेरा हाती आला म्हणजे दुसऱ्याची प्रतिष्ठाही आपल्या हाती येते, हे त्यांनी ओळखले होते. १९६९ साली माणेकशांचे निधन झाले. नव्याने या व्यवसायात येणाऱ्यांची वागणूक होमाईंना रुचत नव्हती. १९७० साली, कीर्ती असतानाच, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. अनेक वर्षे त्यांचे नाव जणू विसरले गेले. पुढे जुन्या निगेटिव्ह पुन्हा उजेडात आल्या आणि लोकांना या कामाची थोरवी उमगली. आपला संग्रह त्यांनी दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला. २०११ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब देऊन गौरवले. १५ जानेवारी २०१२ रोजी वडोदरा येथे त्यांचे निधन झाले.

आज फिल्मची गुंडाळी, बर्फात ठेवलेले रसायन, एकदाच पेटणारा दिवा या वस्तू क्वचितच दिसतात. खिशातल्या फोननेही एका मिनिटात पंचवीस चित्रे घेता येतात आणि नकोशी झालेली पुसता येतात. छिद्राचा आकडा व सेकंदाचा अंश यंत्रच ठरवते. परंतु सूर्य अजूनही दुपारी माथ्यावरच असतो आणि भुवयांच्या सावल्या डोळ्यांवरच पडतात. अंतर दुप्पट झाले की दिव्याचा प्रकाश आजही चौथा हिस्साच होतो. चौकटीत काय ठेवावे आणि काय गाळावे, हे आजही माणसालाच ठरवावे लागते. आणि समोरच्या माणसाची अब्रू कशी राखावी, हे तर कोणतेच यंत्र शिकवू शकत नाही.

म्हणून ज्याला ही विद्या मनापासून शिकावयाची असेल, त्याने एखाद्या दिवशी स्वतःला बाराच चित्रांची मर्यादा घालून पाहावी. घरातील एक खिडकी, एक ओळखीचा चेहरा आणि एक वही घ्यावी. सकाळी, दुपारी व सायंकाळी चित्र घेऊन प्रत्येक वेळी काय केले ते टिपावे. त्यांतील बहुतेक चित्रे साधारणच निघतील. परंतु बाराव्या चित्राच्या वेळी पाहणारा डोळा पहिल्या चित्राच्या वेळचा राहिलेला नसेल. मुंबईच्या त्या विद्यार्थिनीला मिळालेला एक रुपया एका दिवसाच्या सहलीचा नव्हता. त्याआधी केलेल्या अशाच अनेक साधारण चित्रांची ती कमाई होती.